वासाचा रकाना

मंगळवारी सकाळी मंगेश प्रयोगशाळेच्या दारात थबकला आणि नाक मुरडून म्हणाला, "काय रे भरत, आज गोडूस मारतंय पाणी. खिडकी तरी उघडायचीस." भरतच्या हातातलं पेन होतं तिथेच राहिलं. वासाच्या रकान्यात त्याने नुकतंच 'मातकट' लिहिलं होतं. शाई अजून वाळायची होती. कारखान्याच्या सांडपाण्याची भली मोठी टाकी, त्या टाकीत घाण खाऊन जगणारे कोट्यवधी जंतू, आणि ते जंतू धड आहेत ना हे बघायला ठेवलेला भरत, असा तो सगळा संसार होता. रोज सकाळी टाकीतल्या पाण्याची एक बाटली भरायची आणि वहीतले चार रकाने भरायचे: रंग, वास, गाळ, हालचाल. टाकीची तब्येत चांगली असली की पाण्याला नांगरलेल्या शेताचा वास येतो, त्याला मातकट म्हणायचं, हे आधीच्या माणसाने जाताजाता शिकवलं होतं, आणि सोळा वर्षं भरत तेच लिहीत आला होता. रंग तपकिरी, वास मातकट, गाळ ठीक, हालचाल आहे. हात आपला आपण चाले. "तुला नाय आला?" मंगेशने विचारलं. "आला ना," भरत म्हणाला, "तुझीच वाट बघत होतो. साहेबांना दोघं मिळून सांगू म्हटलं." इतकं सफाईदार खोटं आपल्या तोंडून कसं निघालं याचं त्याला नवल वाटलं.

मंगेश साहेबांना सांगायला गेला तेव्हा भरतने बाटली नाकाला लावली. नाकाच्या शेंड्याला गार लागलं, बस. त्याने झाकण लावलं, पुन्हा उघडलं, डोळे मिटून पोटभर श्वास ओढला. खोकला आला, वास आला नाही. साहेबांनी टाकीत येणारं पाणी दोन तास बंद ठेवायला लावलं, मग परत सोडलं. काही झालं नाही. म्हणजे वहीत काही झालं नाही, कारण 'मातकट' खोडायचं भरतला धाडस झालं नाही आणि वही सहसा दुसरं कुणी उघडत नसे. मंगेशला कळलं यात विशेष काय, असं तो स्वतःला समजावत राहिला. मंगेश पोलादपूरचा, मोटारसायकलवरून अर्धा तास मोकळी हवा खात येणारा. फाट्यावर वळला की महाडच्या औद्योगिक वसाहतीचा वास रोज त्याच्या तोंडावर नव्याने आदळायचा आणि तो रोज नव्याने शिव्या घालायचा. भरत फाट्याजवळच्याच इमारतीत राहत होता, तिथेच झोपत होता, तिथेच उठत होता. पण हे झालं त्या गोडूस वासाचं. बाकीच्या वासांचं काय? शेवटचा वास कधी आला होता? करोनात गेला म्हणावं तर दोन्ही वेळा तपासून करोना नाही असंच निघालं होतं. वडील गेले, चांगूबाबा, त्या दिवशी उदबत्त्या लावल्या होत्या. त्यांचा धूर आठवत होता, वास आठवत नव्हता. दोन वर्षं झाली त्याला. दात पडला की जीभ तिथे जाते, माणसाला कळतं. हे कसं कळलं नाही, आणि न कळताच आपण रोज सही करत राहिलो, या विचाराने त्याला आपलीच लाज वाटली.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने स्वयंपाकघरातले डबे उघडायला सुरुवात केली. हिंगाची डबी. काही नाही. सुकटीचा डबा, ज्याचं झाकण निघालं की शेजारच्या बिऱ्हाडात कळायचं. काही नाही. मोहरीचं तेल, कापूर, बायकोच्या, राजश्रीच्या, डोकेदुखीचा बाम. बाम झोंबला, डोळ्यांत पाणी आलं, पण झोंबणं वेगळं आणि वास वेगळा. "अहो, काय शोधताय एवढं?" राजश्रीने विचारलं. "लवंग. दात दुखतोय," तो म्हणाला. हे दिवसातलं दुसरं खोटं. तिने मुकाट्याने लवंग काढून दिली आणि त्याला ती चघळत बसावी लागली. गॅलरीत आई बसली होती, आवडी, प्लास्टर काढलेला उजवा हात मांडीवर ठेवून. मनगट अजून बारीक दिसत होतं. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि रोजचा प्रश्न विचारला. "कदी सोडतोस रे मला वाडीला?" आणि तोही रोजचंच बोलला. "सोडतो गो आये. जरा सवय होऊ दे ना इथली."

शिवथरच्या वरच्या अंगाला, घळीच्या अलीकडे, अकरा घरांची वाडी. चांगूबाबा गेल्यापासून आई तिथे एकटी. मार्चअखेर गोठ्यात पाय घसरून पडली, मनगट मोडलं, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत शेणात पडून राहिली. शेजारची तुळसा विस्तव मागायला आली म्हणून कळलं. भरत गाडी करून धावला, तिला महाडला आणलं, प्लास्टर घातलं, आणि मनाशी ठरवून टाकलं की आता हिला परत पाठवायची नाही. यात त्याचं काय चुकलं होतं? रात्री दचकून उठला की त्याला तो गोठा दिसे आणि तिची हाक ऐकू न येणारी दहा घरं दिसत. पण आई म्हणजे वाडीचं नाक होतं, हेही खरं. पेरणीच्या आधी माणसं मूठभर बी घेऊन तिच्या अंगणात येत. कणगीतलं भात वरून सोन्यासारखं दिसतं आणि आतून दमटलेलं असतं. ते पेरलं की रोप उगवत नाही आणि वर्ष फुकट जातं. आवडी मूठ नाकाशी धरायची, एकदा ओढायची, आणि सांगायची. पेर. किंवा, कुबट हाय, कोंबड्यांना टाक. तिचं चुकलेलं कुणाला आठवत नव्हतं. लहानपणी भरतला याचा फार अभिमान होता. शाळेत मुलं आपापल्या बापांच्या बढाया मारत तेव्हा तो म्हणे, माझ्या आयेला नाकानं दिसतं.

ती आली त्या दिवशी, गाडी फाट्यावर वळताच, तिने मोडक्या हातानेसुद्धा पदर नाकावर ओढला होता. "कसला रे ह्यो गोडूस वास? केळी कुजल्यात का कुठं?" राजश्री हसून म्हणाली होती, "कसला वास आई? आम्हाला नाही बाई येत." आणि भरतही हसला होता. "कारखान्याचा आहे गो. चार दिवस जाऊ दे, सवय होईल." तेव्हा तो सहज बोलला होता, आता मात्र तो अख्खा प्रसंग त्याला पुन्हा उलगडून बघावासा वाटत होता. तेव्हा त्याला वास येत नव्हता तो राजश्रीसारखा सवय झाल्याने, की आत्तासारखा नाकच गेल्याने? पहिले दोन आठवडे आई खिडक्या लावून बसे. जेवताना पदर बाजूला करी आणि दोन घासांनंतर पुन्हा ओढी. राब भाजायच्या, पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळायच्या, दिवसांत तर तिने अन्न जवळजवळ सोडलंच होतं. "वाडीला राब भाजत असतील रे," एवढंच म्हणायची. घरात तिचं चालणंही विचित्र झालं होतं. गॅलरीतून उठायची, हॉलमध्ये चार पावलं टाकायची, थांबायची, भलतीकडेच वळायची, पुन्हा चार पावलं. न्हाणीघर, दार, देव्हारा, परत गॅलरी. "काही हवंय का आई?" राजश्री विचारी. "काय नको गो," ती म्हणे, आणि पुन्हा वळे. भरत सोफ्यावर बसून ते बघत असे आणि हे आपण कुठेतरी पाहिलंय असं त्याला वाटे. कुठे, ते त्याला बुधवारी दुपारी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावल्यावर आठवलं.

कॉलेजात ललिता मॅडमनी पहिल्यांदा ते दाखवलं होतं. काचपट्टीवर एक थेंब, थेंबात सुटे जंतू. एक जंतू सरळ पळतो, मध्येच गोते खातो, कुठेतरी वळतो, पुन्हा पळतो. "कुठे चाललाय सांगा," मॅडमनी विचारलं होतं, आणि वर्गाने अन्नाकडे, प्रकाशाकडे, वाट्टेल ते सांगितलं होतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या होत्या, "कुठेही नाही. त्याला दिशा कळत नाही. वळायचं की नाही, एवढंच कळतं." पुढे पाणी मानवत असलं तर तो वळायचं लांबवतो, न मानवलं तर लवकर वळतो, कुठे वळला हा नशिबाचा भाग. असं हजारदा केलं की आपोआप बऱ्या जागी पोचतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की वाट ठाऊक होती. चांगलं काय न् वाईट काय हेही त्याला एरवी ठरवता येत नाही. तो फक्त आत्ताच्या पाण्याची दोन-तीन क्षणांपूर्वीच्या पाण्याशी तुलना करतो. फरक असला तर त्याला कळतं. सगळीकडे सारखंच असलं, मग ते कितीही वाईट असो, तर थोड्या वेळाने तो पहिल्यासारखा पळू लागतो, वळू लागतो, काही झालंच नाही असा. भरतने हे परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही चांगले पडले होते. नंतर सोळा वर्षं त्याने रोज हाच खेळ पाहिला आणि रकान्यात लिहिलं, हालचाल आहे.

बुधवारी त्याने मंगळवारचीच बाटली पुन्हा काढली. आदल्या सकाळी मंगेशने नाक मुरडलं त्या पाण्यातले जंतू अगदी शहाण्यासारखे पळत होते. पळणं, वळणं, पळणं. या काचपट्टीवरून कुणालाही टाकी धडधाकट वाटली असती. त्यांनाही सवय झाली होती, दुसरं काय. मग काय मनात आलं कोण जाणे, त्याने काचेच्या कडेला स्वच्छ पाण्याचा एक बारका थेंब सोडला. क्षणभर काही झालं नाही. मग थेंबाच्या बाजूला चुकून वळलेला एक जंतू वळायचाच थांबला. सरळ निघाला, सरळच जात राहिला, भिंगाखालून निसटला. मग दुसरा. मग कितीतरी, लांबच लांब, न वळता. भरत मान मोडेपर्यंत बघत राहिला. मंगेशने दोनदा चहाला हाक मारली, त्याने ओ दिली नाही. काही जण काचेच्या मध्यावरच राहिले होते, जागच्या जागी थरथरत. पूर्वी तो त्यांनाही हालचालीत धरायचा. पण थरथर मेलेल्यालाही असते. पाणीच त्याला सगळीकडून ढकलत असतं. जिवंत कोण आणि नुसता हलतोय कोण, हे कळायला सोळा वर्षांत एकदाही आपण स्वच्छ पाणी घालून बघितलं नाही, असं मनात आलं आणि त्याला भीती वाटली. ती जंतूंबद्दल नव्हती.

गुरुवारी तुळसाचा फोन आला. मोबाईल राजश्रीने स्पीकरवर टाकला होता, त्यामुळे सगळ्या घराला ऐकू गेलं. "आवडीकाकी कदी येते? पेरायला लोकं थांबल्यात. माझ्या कणगीवर माझा भरवसा नाय. सकाळच्या एसटीतनं पुरचुंडी पाठवलीय गो, कंडक्टर फाट्यावर देईल. तेवढं काकीला हुंगून सांगाया सांग." भरत जाऊन पुरचुंडी घेऊन आला. जुन्या लुगड्याचा तुकडा, आत दोन मुठी भात. आईने गाठ सोडली, डाव्या हातात बी घेतलं, नाकाशी नेलं. भरत समोर उभा होता. लहानपणी यातलं सगळं एका श्वासात व्हायचं. आईने एकदा ओढलं, मग दुसऱ्यांदा. मूठ बदलली, उजव्या हातात घेतली. डाव्या हाताचाच दोष असावा तशी. मग बी परत फडक्यात ओतून तिने गाठ बांधली. "उद्या सांगते म्हणावं," ती म्हणाली आणि उठून हॉलमध्ये चार पावलं चालून देव्हाऱ्याकडे वळली. भरतच्या एकदम लक्षात आलं की तिच्या नाकावर पदर नव्हता. कालही नव्हता. परवाही नसावा. खिडक्या सताड उघड्या होत्या आणि त्या कधीपासून उघड्या आहेत हे त्याला सांगता येत नव्हतं.

शुक्रवारी तो मंगळवारची बाटली पिशवीत घालून निघाला तेव्हा मंगेश म्हणाला, "ती कशाला घरी नेतोस? फेक ना. अजून मारतेय नुसती, झाकणातनंसुद्धा." "काम आहे," भरत म्हणाला. घरी राजश्री बाजारात गेली होती, आई एकटीच गॅलरीत होती. त्याने बाटलीचं झाकण काढलं आणि तिच्यासमोर धरली. "आये, वास बघ गो याला कसला येतो ते." आईने बाटलीत डोकावलं, नाक जवळ नेलं, सावकाश हुंगलं. वाडीत हुंगायची तसं, मन लावून. मग त्याच्याकडे पाहिलं. "कसला वास? पाणीच हाय ना रे?" भरतने बाटली तशीच धरून ठेवली. तिला वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून तिने परत हुंगलं आणि मग तिला काहीतरी उमगल्यासारखं झालं. ती हसली. महाडला आल्यापासून ती इतकी मोकळी हसली नव्हती. "ह्यो तुझ्या कारखान्याचाच वास म्हणून इचारतोस व्हय? नाय येत आता. झाली बघ सवय. तू म्हणत होतास तशी." तिने बरा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "ऱ्हाते मी हितं. तुझ्या जिवाला घोर नको. तुळसाला सांग, बी दुसऱ्या कुणाला तरी दाव म्हणून. मला आता तेवढं कळत नाय." जे त्याने दीड महिना मागितलं होतं ते सगळं तिने एका दमात देऊन टाकलं होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाकण लावताना आटे बसेनात, तो पुन्हा पुन्हा फिरवत राहिला, आणि आईला दिसू नये म्हणून तोंड फिरवून उभा राहिला.

शनिवारी पहिल्या एसटीने तो तिला घेऊन निघाला. राजश्रीने एकदा विचारलं, "अहो, पुन्हा पडल्या तर?" तुळसा रात्री सोबतीला झोपेल, रोज सकाळी फोन करेल, एवढं ठरवलं होतं. तेवढ्याने गोठ्याची भीती जात नव्हती, हे त्यालाही कळत होतं. आई खिडकीशी बसली, पुरचुंडी दोघांच्या मध्ये. ती बाहेरच बघत होती. राहते म्हटल्यावरही हा का सोडायला निघाला, याचा तिला राग आला होता की काय, कळायला मार्ग नव्हता. गाडीत सुट्टीला आलेले मुंबईकर, पिशव्या, पाट्या. वसाहतीची शेवटची धुराडी मागे पडली तेव्हा भरतचा फोन वाजला. "अरे, तू सुट्टीवर, वही माझ्याकडे," मंगेश म्हणाला. "वासाच्या रकान्यात काय लिहू? मातकटच ना?" "तुला येतो तो लिही," भरत म्हणाला. "आणि मंगळवारचं खोड. मी आलो की सही करतो." "खोडू? साहेब इचारतील." "मला विचारायला सांग." त्याने फोन ठेवला. गाडीने वळण घेतलं, खोरं सुरू झालं, वारा खिडकीतून सरळ आत यायला लागला. दोन्ही बाजूंना भाजलेल्या राबांचे काळे चौकोन होते. भरत बाहेर बघत नव्हता. तो आईकडे बघत होता, बुधवारी काचपट्टीकडे बघितलं होतं तसा.

बराच वेळ काही झालं नाही. मग आईची मान जरा वर झाली. तिने नाकपुड्या फुलवल्या, आवळल्या, पुन्हा फुलवल्या. स्वतःच्या पदराचं टोक उचलून नाकाशी नेलं आणि चटकन लांब केलं. "ई रे," ती पुटपुटली, "केळी कुजल्यागत मारतंय." तो पदर तिने गुंडाळून पाठीमागे सारला. पुरचुंडीची गाठ सोडली, मूठ भरली, नाकाशी धरली आणि एकदाच ओढलं. "कुबट हाय," ती म्हणाली. "सांग तुळसाला, कोंबड्यांना टाक म्हणावं." भरतचे डोळे भरून आले. गाडीतल्या लोकांची पर्वा न करता त्याने ते पुसले. आईला वाटलं त्याला पटलं नाही. ती मूठ त्याच्या नाकाशी आणून म्हणाली, "हुंग. तूच बघ ना."

त्याने हुंगलं. दाण्यांची टोकं नाकाला टोचली. 'कुबट' हा शब्द अगदी ओठांवर होता, सोळा वर्षांचा सराव पाठीशी होता, आणि या खेपेला तो खराही निघाला असता.

"मला वास येत नाय, आये," भरत म्हणाला. "कसलाच नाय येत."

आईची मूठ तशीच राहिली. "कदीपासनं?"

त्याने आठवायचा प्रयत्न केला. खिडकीतून वारा येत होता आणि पुढच्या बाकावरची बाई शेजारणीला सांगत होती, बघ गो, गावचा वास आला.

"ठाऊक नाय," तो म्हणाला.

आईने एक एक दाणा झटकून मूठ फडक्यात रिकामी केली आणि गाठ मारली. पुरचुंडी इतका वेळ त्यांच्या दोघांच्या मध्ये होती, ती तिने उचलून खिडकीच्या बाजूला आपल्याशी ठेवली, आणि मोडक्या हाताने त्याचा हात धरून ठेवला.